‘किरकोळ’मध्ये लिहिलेला आर्किटेक्ट

गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातील एका वस्तीचे चार कार्यकर्ते रविवारी सकाळी आमच्या घरी आले. त्यांना समाजमंदिर बांधावयाचे आहे. जागा मंडळाच्या नावावर आहे, वर्गणी सुरू झाली आहे आणि अंदाजपत्रकही तयार आहे. आम्ही कचेरीत कारकुनी करतो आणि आमच्या मंडळाचे हिशेब लिहितो, म्हणून ते अंदाजपत्रक आमच्या नजरेखालून जावे अशी त्यांची इच्छा होती. वहीचे एकच पान होते. सिमेंट, लोखंड, वाळू, खडी, वीट, मजुरी, रंग, वीजजोडणी, उद्घाटनाचा मंडप आणि सर्वांत शेवटी ‘किरकोळ’. नकाशा कोण काढणार, असे आम्ही विचारले. त्यांच्यातील एक जण म्हणाला, ‘‘तो किरकोळमध्ये धरलाय, साहेब.’’

मंडपाला पस्तीस हजार धरले होते. किरकोळला दहा.

आम्हांला हसू आले नाही. अगदी असेच पान आमच्या मंडळाच्या कपाटात २०११ सालच्या फायलीत लावलेले आहे, आणि ते आमच्याच हस्ताक्षरात आहे.

त्या वर्षी आम्ही समाजमंदिर बांधले. तीस बाय चाळीस, म्हणजे बाराशे चौरस फुटांचा एक हॉल. अंदाज नऊ लाखांचा होता. एका आर्किटेक्टला आम्ही भेटलो होतो. त्यांनी सर्व कामाचे ठोक चोपन्न हजार सांगितले. ते आम्ही सभेत वाचून दाखवले तेव्हा मागून आवाज आला, ‘‘कागदाचे चोपन्न हजार? तेवढ्यात दोन ट्रक विटा येतील.’’ टाळ्या पडल्या. आम्हीही त्या टाळ्यांत होतो, हे लपवून काय करायचे? मग एका नकाशे काढणाऱ्या मुलाकडून साडेचार हजारांत एक कागद आणला, ठेकेदाराच्या हातात दिला आणि काम सुरू केले.

काय झाले ते थोडक्यात सांगतो. स्लॅब पेलावी म्हणून ठेकेदाराने हॉलच्या मधोमध, नेमका व्यासपीठासमोर, एक खांब घेतला. संडास-मुतारी कागदावर नव्हतीच. ती मागून आठवली, आणि मागची एक भिंत पाडून हद्दीला लागून बांधली. वर जायला जिना नव्हता. तो बाहेरून लोखंडी लावला. नकाशा नगर परिषदेत कधी मंजुरीला गेलाच नाही, म्हणून २०१४ साली नोटीस आली. नऊ लाखांचे काम बारा लाख चाळीस हजारांवर गेले. वाढलेल्या तीन लाख चाळीस हजारांपैकी एक लाख तीस हजार हे भाववाढीचे. त्याला कोणी काही करू शकत नव्हते. बाकीचे दोन लाख दहा हजार हे निव्वळ पाडण्याचे आणि पुन्हा बांधण्याचे. चोपन्न हजार वाचवले त्याची ही किंमत.

वर्षाच्या सभेत हे आकडे वाचले तेव्हा धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी उठल्या. त्यांनी दरमहा शंभर रुपये असे अकरा महिने वर्गणी दिली होती. त्या म्हणाल्या, ‘‘दादा, माझ्या अकराशेतले भिंत पाडण्यात किती गेले, तेवढं सांगा.’’ सभेत कोणी काही बोलले नाही. रागाने विचारले नव्हते, खरोखरच माहीत करून घ्यायचे म्हणून विचारले होते. आम्ही तिथेच कागदावर गुणाकार-भागाकार केला. एकशे शहाऐंशी रुपये. तो आकडा आम्ही सभेला सांगितला. मावशी मान हलवून खाली बसल्या. त्या दिवसापासून फी हा शब्द आला की आम्हांला आधी हा आकडा आठवतो.

खरी किंमत पुढे कळली. २०१९ साली हॉलवर मजला चढवून मुलांसाठी अभ्यासिका करावी असे ठरले. इंजिनिअर आले, खांबाकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘आत लोखंड किती आणि पाया किती खोल, याचे ड्रॉइंग दाखवा.’’ ड्रॉइंग कुठून दाखवणार? ते कधी झालेच नव्हते. माहितीशिवाय वर मजला चढवा असे कोणताही जबाबदार माणूस लिहून देणार नाही, आणि देऊही नये; खाली आपलीच मुले बसणार असतात. त्यामुळे अभ्यासिका शेजारच्या मोकळ्या जागेत वेगळी बांधावी लागली. ती २०२१ सालची दुसरी फाइल. तिच्यात फीचे स्वतंत्र पान आहे, आणि ते पान पहिले आहे.

अभ्यासिका तळमजला आणि वर एक मजला, एकूण सुमारे दीड हजार चौरस फूट. बांधकामाचा अंदाज अठ्ठावीस लाख. आर्किटेक्ट बाईंशी सहा टक्के ठरले. सहा टक्के म्हणजे एक लाख अडुसष्ट हजार. त्यावर अठरा टक्के जीएसटी तीस हजार दोनशे चाळीस. एकूण एक लाख अठ्ठ्याण्णव हजार दोनशे चाळीस. वर आरसीसीची आकडेमोड करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी चाळीस हजार, माती तपासणी पंधरा हजार, नगर परिषदेचे निरनिराळे शुल्क पंचेचाळीस हजार आणि बांधकाम कामगारांसाठीचा एक टक्का उपकर अठ्ठावीस हजार. या उपकराबद्दल कुरकुर करू नये. तो १९९६ च्या कायद्याने आला असून बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीच आहे. आपल्यातले कितीतरी भाऊ नाक्यावर उभे राहतात आणि त्यांची मंडळात नोंदणीच झालेली नसते. ती आधी करून घ्यावी. त्या १९९६ च्या कायद्याखाली स्वतःचे राहते घर दहा लाखांच्या आतले असेल तर हा उपकर लागत नसे.

ही सर्व बेरीज तीन लाख सव्वीस हजार दोनशे चाळीस होते. अठ्ठावीस लाखांच्या मानाने शेकडा साडेअकराहून थोडी अधिक. म्हणजे आर्किटेक्टचे सहा टक्के ऐकून सहाच बाजूला ठेवले असते, तर जवळजवळ तेवढीच रक्कम पुढे कमी पडली असती.

आता टक्क्याविषयी. आर्किटेक्टचा व्यवसाय १९७२ च्या कायद्याखाली आहे आणि त्यांची कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही संस्था आहे. तिचे फीचे दरपत्रक असते. बांधकामाच्या प्रकाराप्रमाणे टक्का बदलतो. एकट्यादुकट्या घराला टक्का जास्त, एकसारख्या अनेक घरांना कमी, कारण एका घराचा विचार एकदाच करावा लागतो आणि तोच पुन्हा वापरता येतो. गावोगाव प्रत्यक्षात चौरस फुटावर किंवा ठोक रकमेवरही व्यवहार होतो. कोणती पद्धत चांगली, असे लोक आम्हांला विचारतात. आम्ही म्हणतो, कोणतीही चालेल, पण टक्का ठरवला तर तो कशाचा टक्का, हे लिहून घ्या. जागेची किंमत त्यात येता कामा नये. नगर परिषदेला भरलेले शुल्क येता कामा नये. आणि बांधकाम महागले तर फी वाढेल की नाही, हेही लिहिलेले असावे. आमच्या पत्रात असे होते की फी मंजूर अंदाजावर राहील. भाव वाढले म्हणून वाढणार नाही, पण मंडळाने काम वाढवले तर वाढेल. पुढे लोखंड महागले आणि काम एकतीस लाखांवर गेले. वरच्या तीन लाखांवर सहा टक्क्यांनी अठरा हजार झाले असते. ते द्यावे लागले नाहीत. बाईंनीही त्यावरून एक शब्द काढला नाही, कारण पत्र दोघांच्याही फायलीत होते.

कौन्सिलच्या दरपत्रकात कागदपत्रे व संपर्काचा खर्च म्हणून फीच्या दहा टक्के वेगळे धरलेले असतात. आमच्या बाबतीत ते सोळा हजार आठशे झाले असते. आम्ही आधीच विचारले आणि ते सहा टक्क्यांतच बसवून घेतले. न विचारता शेवटच्या बिलात ते दिसले असते तर भांडण झाले असते, आणि चूक आमची ठरली असती. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी आर्किटेक्टच्या फीत आहे की बाहेर, हाही असाच विचारावयाचा प्रश्न आहे. काही जण सर्व मिळून एक रक्कम सांगतात, काही वेगळी. दोन आर्किटेक्टांच्या आकड्यांची तुलना करताना हे पाहिले नाही, तर स्वस्त वाटलेला महाग निघतो.

जीएसटी सर्वांनाच लागतो असेही नाही. ज्यांची सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत आहे त्यांना नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसलेल्याने बिलात जीएसटी लावावयाचा नसतो. बिलावर नोंदणी क्रमांक आहे का, तेवढे पाहावे. संस्थेला किंवा सोसायटीला आणखी एक काम असते. व्यावसायिकाच्या फीतून दहा टक्के आयकर कापून सरकारजमा करावा लागतो. पूर्वी वर्षाला तीस हजारांच्या वर फी गेली की कापावा लागे. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा पन्नास हजार झाली. हा कर आर्किटेक्टचा असतो, आपला खर्च वाढत नाही. पण कापला नाही तर दंड-व्याज आपल्या गळ्यात येते. स्वतःचे राहते घर बांधणाऱ्या नोकरदाराला ही कटकट सहसा नाही. आणि खजिनदारांसाठी एक गोष्ट: ही फी कार्यालयीन खर्चात टाकू नये. ती इमारत खात्यालाच नावे टाकावी, कारण सिमेंटइतकीच तीही इमारतीची किंमत आहे.

पण आम्हांला सर्वांत जास्त घाम कशाने फोडला असेल, तर फी किती यापेक्षा फी केव्हा द्यावयाची याने. कौन्सिलच्या पद्धतीत फी टप्प्याटप्प्याने देय होते. नेमणुकीच्या वेळी पाच टक्के, पहिल्या कल्पनाचित्रापर्यंत दहा, प्राथमिक आराखड्यापर्यंत वीस, मंजुरी मिळेपर्यंत पस्तीस, ठेकेदार नेमेपर्यंत पंचावन्न आणि काम सुरू करण्याचे ड्रॉइंग हातात येईपर्यंत पासष्ट टक्के. आम्ही तेच टप्पे धरले. म्हणजे जागेवर पहिली कुदळ पडण्यापूर्वी एक लाख नऊ हजार दोनशे, वर जीएसटी, असे एक लाख अठ्ठावीस हजार आठशे छप्पन्न रुपये गेलेले असतात. माती तपासणी आणि शुल्क निराळेच. आपली वर्गणी मात्र उलट चालते. पाया खणला की लोक शंभर देतात, भिंती दिसल्या की पाचशे देतात आणि स्लॅबच्या दिवशी हजार देतात. कागदावरच्या रेघेला कोणी वर्गणी देत नाही. बँकेचे कर्जही मंजूर नकाशा आणि अंदाजपत्रक दाखवल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि घरकुल योजनांचा हप्ता बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे येतो. तेव्हा हे पहिले पैसे गाठीला असावेच लागतात.

आमच्याकडे सहा महिने जागा तशीच पडून राहिली तेव्हा कुजबुज सुरू झाली. ‘‘वर्गणी घेतात, वीट कुठं आहे?’’ संशय चुकीचा नव्हता. पैसा त्यांचा होता. मग आम्ही समाजमंदिराबाहेरच्या फळ्यावर दर रविवारी लिहू लागलो, की या टप्प्यापर्यंत इतके दिले, त्याबद्दल हा कागद मिळाला. आणि तो कागद शेजारी चिकटवू लागलो. लोक नकाशासमोर उभे राहून बोटाने खिडक्या मोजू लागले.

त्याचा एक फायदा आमच्या ध्यानीमनीही नव्हता. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पाच-सहा मुली आल्या आणि त्यांनी सांगितले की मुलींचे स्वच्छतागृह जिन्याखाली नको, तिथे अंधार असतो. आणि रात्री उशिरापर्यंत बसायचे तर दार गल्लीकडून नको, रस्त्याकडून हवे. बाईंनी पुढच्या भेटीत पेन्सिलने दार हलवले. त्याचा खर्च शून्य. प्राथमिक आराखड्याचा टप्पा होता म्हणून शून्य. मंजुरीनंतर तेच केले असते तर जादा फी पडली असती, आणि भिंत उभी राहिल्यावर केले असते तर २०११ पुन्हा घडले असते. इमारतीत काय हवे याचा निर्णय बांधणाऱ्याने आधी करावयाचा असतो. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले ते ग्रंथालयाची जागा डोळ्यांसमोर ठेवून. आमच्या पहिल्या हॉलच्या वेळी आमच्या डोळ्यांसमोर फक्त उद्घाटन होते.

फीचा मोबदला काय मिळाला, असे पाहुण्या कार्यकर्त्यांनी विचारले. बाईंनी प्रत्येक कामाची मापे काढून यादी करून दिली, ती तीन ठेकेदारांना दिली, आणि तिघांनी एकाच यादीवर दर भरले. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत दोन लाख साठ हजारांचा फरक निघाला. एरवी एक ठेकेदार ‘गिलाव्यासकट’ म्हणतो, दुसरा ‘रंगासकट’ म्हणतो, आणि आपण कशाची कशाशी तुलना करतो तेच कळत नाही. बिले तपासताना गिलाव्याच्या मापात दारे-खिडक्यांची वजावटच धरलेली नव्हती, तीही त्यांनीच पकडली. आम्ही बी.कॉम. आहोत, बेरीज बरोबर होती म्हणून आम्ही ते बिल पास केले असते.

मात्र दुसरी फाइलही निर्दोष नाही. आर्किटेक्ट जागेवर अधूनमधून येतात. रोज उभे राहून माल किती कालवला ते पाहणे हे त्यांच्या फीत येत नाही. त्यासाठी वेगळा माणूस मालकाने नेमावयाचा असतो. हे आम्हांला जोत्यापर्यंत काम आल्यावर समजले. वस्तीतलेच एक निवृत्त मिस्त्री आठ महिने दरमहा नऊ हजारांवर उभे राहिले. बहात्तर हजार रुपये, आणि अंदाजपत्रकात त्यांचे नाव नव्हते. त्यासाठी दोन महिने दारोदार फिरावे लागले.

घर बांधणाऱ्या कुटुंबांनी यातले सगळेच करावे असे आम्ही म्हणत नाही. पाचशे-सहाशे चौरस फुटांच्या घराला परवानाधारक इंजिनिअरही नकाशा करून देऊ शकतात आणि ते स्वस्त पडते. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी आलेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, मुंबई व काही विशेष क्षेत्रे सोडून, दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडांना परवानगीची पद्धत पुष्कळ सोपी केली आहे. पण घर नियमाप्रमाणेच असावे लागते, म्हणून जाणकाराचा नकाशा लागतोच. फक्त जो स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवतो तो कौन्सिलकडे नोंदलेला आहे का, हे पाहावे. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे की तो कायदा ‘आर्किटेक्ट’ हे नाव राखतो, नकाशे काढण्याचे काम राखत नाही. म्हणजे दुसऱ्या जाणकाराने नकाशा काढला तर त्या कायद्याने गुन्हा नाही, पण नोंदणीशिवाय ती पाटी लावता येत नाही. आणि सर्व काम परवडत नसेल तर अर्धे घ्यावे. आराखडा, आरसीसीचे ड्रॉइंग, आणि पाया व स्लॅब या दोन वेळांच्या भेटी, एवढेच ठरवून तेवढीच फी द्यावी. आरसीसीच्या ड्रॉइंगवर मात्र बचत करू नका, ताई. भांड्यांचा कप्पा नंतर करता येतो.

फीचे शेवटचे दहा टक्के, सोळा हजार आठशे, आम्ही पूर्णत्वाचा दाखला आणि जसे बांधले तसे दाखवणारा नकाशा हातात येईपर्यंत दिले नाहीत. पत्रात तसेच ठरले होते. तो नकाशा आणि आरसीसीची सर्व ड्रॉइंग प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आहेत, आणि एक संच अध्यक्षांच्या घरी आहे.

पाहुण्या कार्यकर्त्यांनी त्यांचे पान परत घेतले. मंडपाच्या पस्तीस हजारांवर रेघ मारून ते त्यांनी वर, सिमेंटच्या आधी, ‘आर्किटेक्ट – पहिले टप्पे’ असे लिहून ठेवले. तेवढ्याने पुरणार नाही हे आम्ही सांगितले. पुढच्या रविवारी ते पुन्हा बसणार आहेत. आमच्या जुन्या हॉलचे काम अजून बाकी आहे. तो नियमित करून घेण्यासाठी मोजणी, खांबांची तपासणी आणि नकाशा असा खर्च यंदाच्या अंदाजपत्रकात धरला आहे. अकराशे रुपये देणाऱ्या मावशी आता हिशेब समितीत आहेत, आणि त्या पानावर त्यांची सही झाली आहे.